प्लॅन मोठा, तरी फाइल हळू का जाते?

प्रश्न : आमचं इमारतींचे आराखडे काढून देण्याचं कार्यालय आहे. ३०० एमबीपीएसची फायबर जोडणी असून स्पीड टेस्टला अपलोड-डाउनलोड दोन्ही पूर्ण येतात. पण लिस्बनच्या ग्राहकाच्या सर्व्हरवर फाइल चढवताना वेग ३ एमबीपीएसच्या पुढे जात नाही. ५०० चा प्लॅन घ्यावा का?
— वाचक, म्हापसा

उत्तर : घेऊ नका, आकडा ३ वरच राहील. स्पीड टेस्ट जवळच्या सर्व्हरशी आणि बहुधा एकाच वेळी अनेक जोडण्या उघडून मोजते. तुमची फाइल मात्र एकाच टीसीपी (पोच घेत घेत डेटा पाठवण्याची इंटरनेटची पद्धत) जोडणीवरून जाते, आणि तिथे अंतर आडवं येतं. गोवा ते लिस्बन सरळ अंतर सुमारे ८,३०० किलोमीटर आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन ८३ मिलिसेकंद लागणारच. समुद्राखालच्या केबल सरळ रेषेत जात नाहीत, त्यामुळे पिंग (डेटा जाऊन पोच परत येण्याचा वेळ) १५० ते २०० मिलिसेकंद आला तरी त्यात लाइनचा दोष नाही.

टीसीपी एका विंडोत (पोच न येता पाठवता येणाऱ्या डेटाच्या मर्यादेत) मावेल एवढा डेटा पाठवतो आणि पोच येईपर्यंत थांबतो. विंडो ६४ केबीची आणि पिंग १८० असेल, तर ६५,५३५ बाइट गुणिले ८ भागिले ०.१८ सेकंद, म्हणजे सेकंदाला सुमारे २९ लाख बिट. तुमचा आकडा याला इतका जुळतो की पहिला संशय इथेच घ्यावा. याच पिंगवर ३०० एमबीपीएस भरून वाहायला विंडो पावणेसात एमबीची लागते. ६४ केबीच्या पुढे विंडो वाढवण्याची सोय (विंडो स्केलिंग) १९९२ मध्येच प्रमाणित झाली आणि आजच्या संगणकांत ती मुळातच चालू असते. पण वाटेतला एखादा जुना फायरवॉल (ये-जा गाळणारं सुरक्षा यंत्र) ती मोडतो, किंवा फाइल पाठवणारा जुना प्रोग्रामच आपला बफर (डेटाची तात्पुरती साठवण) छोटा बांधून ठेवतो.

खात्री अशी करा. तीच फाइल आधी एका जोडणीवर पाठवा, मग चार फाइल एकाच वेळी चढवा. एकूण वेग जवळपास चौपट झाला, तर एकेका जोडणीवरच बंधन आहे. मुळीच वाढला नाही, तर वाटेतली क्षमता किंवा पलीकडचा सर्व्हर कमी पडतो आहे. इथे बरेच जण एक चूक करतात: आपल्याच विंडोज संगणकाची रिसीव्ह विंडो वाढवत बसतात. तिचा उपयोग डाउनलोडला. तुम्ही चढवता आहात, तेव्हा लिस्बनच्या सर्व्हरचा रिसीव्ह बफर आणि तुमच्याकडचा सेंड बफर हे दोनच महत्त्वाचे. ग्राहकाच्या तंत्रज्ञाला नेमकं एवढंच विचारा: विंडो स्केलिंग चालू आहे का, आणि रिसीव्ह बफरची कमाल मर्यादा ८ एमबी तरी आहे का? तोवर प्रोग्राममध्ये एकाच वेळी ४ ते ८ फाइल पाठवण्याची सेटिंग चालू ठेवा.

विंडो मोठी करूनही वेग चढ-उतार करत राहिला, तर पाकिटं (डेटाचे छोटे तुकडे) वाटेत हरवताहेत असं समजा. १८० च्या पिंगवर दहा हजारांत एक पाकीट गळालं, तरी टीसीपीची जुनी रेनो पद्धत एका जोडणीला ८ एमबीपीएसच्या आसपास अडकते, कारण प्रत्येक गळतीला ती वेग निम्मा करते आणि मग हळूहळू चढते. लिनक्समध्ये मुळात असलेली क्युबिक पद्धत यापेक्षा बरी. गूगलने २०१६ मध्ये आणलेली बीबीआर पद्धत गळतीवरून नव्हे, तर प्रत्यक्ष वहनक्षमता आणि कमीत कमी पिंग मोजून वेग ठरवते. ती फक्त पाठवणाऱ्या बाजूला लागते, तेव्हा लिनक्सचा एखादा संगणक कार्यालयात असेल तर त्याच्यावरून पाठवून पाहा.

आराखड्यात रोज थोडासाच बदल होत असेल, तर आरसिंक ही आज्ञावली वापरा. ती फाइलचा बदललेला भागच पाठवते. मात्र झिप किंवा जेपेगमध्ये लहानसा बदलही बहुतेक सगळे बाइट हलवतो, तिथे हा फायदा मिळत नाही.

प्रश्न : १०० एमबीपीएसचा प्लॅन, पण डाउनलोड १२ च्या वर दिसत नाही. फसवणूक आहे का?
— वाचक, डिचोली

उत्तर : नाही. प्लॅन बिटमध्ये सांगतात, डाउनलोडची खिडकी बाइटमध्ये दाखवते. १०० भागिले ८ म्हणजे १२.५, थोडा भाग पाकिटांच्या शीर्षकांत (पत्ता वगैरे माहितीत) जातो.

प्रश्न : चिऱ्यांचं जुनं घर, राउटर पुढच्या सोप्यावर. राजांगणापलीकडच्या खोलीत वायफाय जेमतेम. रिपीटर लावला तर वेग निम्मा झाला. पावसाळ्यापासून केबलवरचा संगणकही ९४ एमबीपीएसवर अडकला आहे.
— वाचक, फोंडा

उत्तर : रिपीटर त्याच चॅनेलवर आधी ऐकतो, मग तेच पुन्हा बोलतो, म्हणून वेग निम्मा होतो. जाड चिऱ्याची भिंत लहरी खातेच, ओली झाली की जास्त. आणि ५ गिगाहर्ट्झला ती २.४ पेक्षा अधिक जाचते. मागच्या खोलीपर्यंत केबल न्या आणि तिथे दुसरा ॲक्सेस पॉइंट (केबलवरून वायफाय देणारं यंत्र) लावा. दोन्हींचं नाव-पासवर्ड एकच, चॅनेल वेगळे: २.४ वर १, ६, ११ यांतले दोन, रुंदी २० मेगाहर्ट्झ.

केबल कॅट-६, शुद्ध तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त मिळते, पण तिचा रोध जास्त असतो आणि ती पिनेपाशी लवकर तुटते. उघड्यावरून जाणार असेल तर बाहेरच्या वापराची काळी केबल घ्या. वेगळ्या इमारतीत, गोठ्यात किंवा आउटहाउसमध्ये न्यायची असेल तर तांबं टाळून फायबर टाका. विजांच्या दिवसांत तांब्याच्या तारेतून दोन्हीकडची यंत्रं जळतात.

९४ हा आकडा तर जोडणी १०० एमबीपीएसवर उतरल्याची खूणच आहे. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला फक्त १, २, ३, ६ या पिना. दमट हवेत निळ्या किंवा तपकिरी जोडीची एखादी पिन गंजली की लिंक १०० वर उतरते. दोन्ही टोकांचे आरजे-४५ प्लग कापून नवे क्रिंप करा (दाबून बसवा): पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त सोडू नका आणि बाहेरचं आवरण प्लगच्या आत दाबलं गेलं पाहिजे. मग संगणकात लिंकचा वेग १ जीबीपीएस दिसतो का ते पाहा.

प्रश्न : फोनमधले फोटो क्लाउडवर चढू लागले की घरातला ऑनलाइन वर्ग अडखळतो. वेग कमी पडतो का?
— वाचक, काणकोण

उत्तर : बहुधा रांग लांबते. फोटो थांबवून पिंग बघा, मग चालू असताना बघा. २० मिलिसेकंदांचा ४०० झाला, तर पाकिटं मोडेमच्या मोठ्या बफरमध्ये तुंबताहेत. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मुक्त प्रणाली) चालणाऱ्या राउटरवर एसक्यूएम (रांग आवरणारी सोय) बसवा, रांगेची पद्धत केक निवडा आणि मोजलेल्या अपलोडच्या ८५ ते ९० टक्के मर्यादा घाला. मर्यादा लाइनपेक्षा कमी ठेवली तरच रांग मोडेमऐवजी तुमच्या राउटरमध्ये लागते आणि वर्गाचं लहान पाकीट पुढे काढता येतं. स्वस्त राउटरचा प्रोसेसर मोठ्या वेगाला पुरत नाही. तिथे डाउनलोडची मर्यादा शून्य ठेवून ती बाजू मोकळी सोडा.