पावसाळ्यात कुजणारी सक्युलंट : वाचकांच्या शंका आणि उत्तरे

प्रश्न : डिसेंबरात आणलेली एचेव्हेरिया या सक्युलंटची (पानांत किंवा खोडात पाणी साठवणाऱ्या मांसल झाडाची) चार रोपे उन्हाळाभर उत्तम राहिली. जुलैत मी पंधरा दिवसांतून एकदाच पाणी देत होते, तरी दोन रोपांची खालची पाने काचेसारखी पारदर्शक होऊन गळाली आणि एक रोप हात लावताच बुडातून सुटून आले. पाणी कमी देऊनही असे का झाले? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : आपण पाणी मोजूनमापून दिलेत, त्यामुळे यात आपला निष्काळजीपणा मुळीच नाही. चूक झाली ती ठरावीक दिवसांचे अंतर पाळण्यात. एप्रिलमध्ये घातलेले पाणी दोन-तीन दिवसांत उडून जाते. जुलैत मात्र आपल्याकडच्या हवेतील आर्द्रता बहुतेक वेळा 80 टक्क्यांच्या वर असते, ऊन नसते, आणि तेवढेच पाणी दहा-बारा दिवस मुळांशी मुरून राहते. त्यातच या झाडांची पाणी वापरण्याची रीत निराळी आहे. बहुतेक झाडे दिवसा पानांवरची छिद्रे उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात. एचेव्हेरिया आणि तिचे क्रॅसुलेसी कुळातील सोयरे ती छिद्रे रात्री उघडतात, घेतलेला वायू आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा दारे बंद ठेवून त्यावर अन्न तयार करतात. पाण्याची एवढी काटकसर करणारे झाड ओल्या मातीतून पाणी ओढून ती लवकर कोरडी करील, अशी अपेक्षाच चुकीची आहे. सतत ओल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात आणि बुरशीला वाट मोकळी होते.

पानाकडे नीट पाहिल्यास बरेच काही कळते. पान पारदर्शक व पिचपिचीत झाले, तर पाणी जास्त झाले आहे; सुरकुतले आणि बोटांना लवचीक लागले, तर झाड तहानलेले आहे; सर्वांत खालचे एखादे पान कागदासारखे वाळले, तर ते नैसर्गिक आहे आणि त्याची चिंता करू नये. या तीन गोष्टींत गल्लत होऊन पुष्कळ रोपे जातात, कारण गळणारे पान दिसले की आपला हात आपोआप पाण्याच्या तांब्याकडे जातो.

बुडातून सुटलेले रोपही अजून वाचू शकते. स्वच्छ ब्लेडने खोड वरच्या दिशेने थोडे थोडे कापत जावे आणि कापलेल्या भागात एकही तपकिरी ठिपका दिसेनासा झाला की थांबावे. तो शेंडा सावलीत, वाऱ्यावर पाच-सात दिवस तसाच ठेवून जखम सुकू द्यावी, नंतर कोरड्या मिश्रणावर टेकवून ठेवावा आणि मुळे दिसू लागेपर्यंत पाणी घालू नये. निरोगी पानेही अशीच सुकवून मातीवर नुसती ठेवल्यास काही आठवड्यांत त्यांच्या देठाशी पिल्ले येतात.

मिश्रणाचाही विचार करावा. रोपवाटिकेतून येणारी रोपे बहुधा निव्वळ कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात असतात. दूरच्या वाहतुकीला ते सोयीचे असले, तरी आपल्या पावसाळ्यात ते स्पंजासारखे भिजून राहते. रोप आणल्यावर आठवडाभरात ते झटकून काढावे. दोन भाग जाड रेती किंवा वाटाण्याएवढे विटांचे तुकडे, एक भाग लाल माती आणि अर्धा भाग चांगले कुजलेले शेणखत हे प्रमाण मला आपल्या हवेत सर्वांत भरवशाचे वाटते. काळी माती पाणी धरून ठेवते आणि समुद्रकाठच्या वाळूत क्षार असतात, म्हणून दोन्ही टाळावीत. कुंडीच्या तळाशी खड्यांचा थर दिल्याने निचरा सुधारतो, असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात बारीक मातीतील पाणी खालच्या जाड थरात सहज उतरत नाही, ते त्याच्या वरच अडून बसते. त्यामुळे खडे तळाशी घालण्याऐवजी सगळ्या मातीत मिसळावेत. कुंडी भोके असलेली, मातीची आणि रोपापेक्षा फार मोठी नसलेली घ्यावी. जून ते सप्टेंबर ती पावसाच्या झडीपासून दूर ठेवावी आणि मातीत खुपसलेली काडी तळापर्यंत कोरडी निघाल्याशिवाय पाणी घालू नये, मग त्याला पंचवीस दिवस लागले तरी चालेल.

प्रश्न : माझी खिडकी उत्तरेकडे आहे. तेथे ठेवलेली रोपे उंच होत चालली आहेत, पण पाने विरळ झाली आहेत. ही वाढ चांगली समजावी का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही, झाड उजेडाच्या शोधात ताणले जात आहे. एचेव्हेरिया ही मेक्सिकोच्या उंच पठारांवरच्या लख्ख प्रकाशात वाढणारी वनस्पती आहे. आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीत त्या काळात थेट ऊन येतच नाही. सकाळचे तीन-चार तास ऊन देणारी पूर्वेची खिडकी सर्वांत चांगली. मात्र रोप एकदम कडक उन्हात नेल्यास पाने भाजतात, म्हणून दहा-बारा दिवसांत हळूहळू सवय लावावी. ताणलेले खोड पुन्हा आखूड होत नाही. शेंडा छाटून नव्याने लावावा. खिडकी बदलणे शक्य नसेल, तर हावोर्थिया किंवा सॅन्सेव्हिएरिया घ्यावी, कमी उजेडात त्या अधिक तग धरतात.

प्रश्न : पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात. काय करावे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : हा पिठ्या ढेकूण आहे. रोप इतरांपासून वेगळे करावे, सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने प्रत्येक पुंजका टिपावा आणि दर पाच-सहा दिवसांनी तीन-चार वेळा तसेच करावे. मुळांतही तो लपतो, तेव्हा कुंडी उपसून पाहावी. पानांवर सर्वत्र सारखा पसरलेला पांढुरका लेप मात्र कीड नसून पानाचे उन्हापासून रक्षण करणारे मेण असते, ते पुसू नये.

प्रश्न : जुन्नर भागातील एका किल्ल्याच्या कड्यावर जाड खोडाची, लाल फुलांची एक वनस्पती पाहिली. ती सक्युलंट असल्याचे सोबतच्या मित्राने सांगितले. तिची फांदी घरी आणून लावता येईल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपल्या वर्णनावरून ती शिंदळ माकुडी असावी. रुईच्या कुळातील ही मांसल वनस्पती फक्त महाराष्ट्रातच, सह्याद्रीच्या मोजक्या कड्यांवर आढळते. शिवनेरी हे तिचे एक प्रसिद्ध ठिकाण. 1862 ते 1867 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला फ्रेरिया हे शास्त्रीय नाव मिळाले. पावसात तिला पाने फुटतात, कोरड्या दिवसांत ती झडतात, आणि पिवळ्या ठिपक्यांच्या गडद लाल फुलांच्या दुर्गंधीने माश्या ओढल्या जातात. कृपया तिची एक फांदीही तोडू नका. जेथे मुळात थोडीच झाडे उरली आहेत, तेथे दर शनिवारी-रविवारी येणाऱ्यांपैकी काही जणांनी एकेक फांदी नेली, तर दोन-तीन मोसमांत कडा उघडा पडेल. ही वनस्पती फांदीपासून सहज रुजते, त्यामुळे लागवडीतील झाडांपासून केलेली रोपे मिळू शकतात. विकणाऱ्याला मूळ झाड कोठले, हे स्पष्ट विचारावे आणि उत्तर टाळले गेल्यास रोप घेऊ नये. योग्य ठिकाणाहून मिळाल्यास तिला वरील मिश्रणच चालेल, फक्त पाण्याचे वेळापत्रक उलटे ठेवावे : पाने असेतोवर माती सुकली की पाणी, आणि पाने झडल्यावर जवळजवळ पूर्ण विश्रांती.