सूनबाईच्या पणजोबांचं पान

प्रश्न : ताई, मी मूळची कऱ्हाडजवळची, आता मुलाकडे कॅनडात सास्काटूनला असते. सूनबाई तिथलीच, तिचे पणजोबा युक्रेनकडून आलेले. परवा तिने लॅपटॉपवर १९०६ च्या जनगणनेचं पान दाखवलं, त्यात पणजोबांचं नाव, वय, कुठल्या साली आले, एवढंच काय घोडे किती आणि दुभत्या गायी किती तेही लिहिलंय! तिची आजी म्हणाली, हे पान बघायला मिळावं म्हणून आम्हाला कित्येक वर्षं भांडावं लागलं. शंभर वर्षं जुन्या कागदासाठी कसलं भांडण? आणि माझ्या पणजोबांचं असं पान मिळेल का हो?

उत्तर : आजी खरंच सांगतायत. आणि हे भांडण कुठल्या पुढाऱ्याने सुरू केलेलं नाही, आपल्या घराण्याचा इतिहास शोधणाऱ्या साध्या माणसांनी केलंय, म्हणून मला ते फार जवळचं वाटतं.

झालं असं की कॅनडात १९०१ पर्यंतच्या जनगणनेची पानं ९२ वर्षांनी लोकांना खुली झाली होती. १९०६ ची जनगणना फक्त मॅनिटोबा, सास्काचेवान आणि अल्बर्टा या तीन प्रांतांची होती, कारण तिकडे माणसं लोंढ्याने येत होती आणि दहा वर्षं थांबून चालणार नव्हतं. हिशोबाने ती १९९८ ला खुली व्हायला हवी होती. पण तिथलं सांख्यिकी खातं म्हणालं नाही, १९०६ पासूनच्या नियमांत गुप्ततेचा शब्द दिलाय आणि त्या नियमांना कायद्याचं बळ आहे, म्हणून ही पानं कधीच देता येणार नाहीत. कधीच म्हणजे शंभर वर्षांनीही नाही, दोनशे वर्षांनीही नाही! लोकांची खासगी माहिती जपायला नेमलेल्या प्रायव्हसी कमिशनरांचाही विरोधच होता.

मग लोकांनी काय केलं, तर पत्रं लिहिली. आपापल्या खासदाराला, मंत्र्याला, वर्तमानपत्राला. सह्यांचे कागद गावोगावच्या वंशावळ मंडळांत फिरले, हजारो सह्या झाल्या आणि सिनेटर लोर्ना मिल्न ते गठ्ठे सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, मांडत राहिल्या. त्यांनी बिलंही आणली, एक बारगळलं की दुसरं. काहीजण कोर्टातही गेले. १९९९ ला सरकारने एक तज्ज्ञ समिती नेमली आणि तिने २००० साली सांगितलं की कायमच्या गुप्ततेचा शब्द कुणी दिलाच नव्हता, ९२ वर्षांनी पानं खुली करा.

या सगळ्यात मला सगळ्यात भारी वाटतो तो एक कागद. १९११ ला घरोघर फिरणाऱ्या गणकांना ज्या सूचना दिल्या होत्या ना, त्यात साफ लिहिलेलं होतं की जनगणना ही कायमची नोंद आहे आणि तिची पत्रकं देशाच्या अभिलेखागारात ठेवली जातील. खातं म्हणतंय आम्ही शब्द दिलाय आणि त्याच सरकारच्या सूचनांत लिहिलंय की हे अभिलेखागारात जाणार. आता अभिलेखागारात ठेवायचं ते कुणीतरी बघावं म्हणूनच ना? चळवळीतल्या लोकांनी ही ओळ धरून ठेवली, सोडलीच नाही.

२४ जानेवारी २००३ ला १९०६ ची पानं खुली झाली. पुढची पानं ९२ वर्षांनी खुली करायचा कायदा २९ जून २००५ ला मंजूर झाला आणि दुसऱ्याच महिन्यात १९११ चीही आली. १९२१ ची २०१३ ला आणि १९३१ ची २०२३ ला.

तडजोडही करावी लागली, आणि ती मला आजही खटकते. २००६ पासून फॉर्मवर विचारायला लागले की ९२ वर्षांनी तुमची माहिती खुली केली तर चालेल का, आणि जिथे उत्तर कोरं सोडलं ते पानही बंदच. २०१७ ला कायदा बदलला म्हणून २०२१ पासून हा प्रश्न राहिला नाही, पण मधल्या तीन जनगणनांमध्ये ज्यांनी घाईत रकाना सोडला त्यांची पतवंडं काय बघणार? जिवंत माणसाची माहिती गुप्त राहिलीच पाहिजे, त्यात दुमत नाही, लोक खरं सांगतात ते त्या भरवशावरच. पण ९२ वर्षं पुरेशी आहेत असं माझं ठाम मत आहे.

सूनबाईला म्हणावं ते पान परत नीट बघ. जन्मदेशाच्या रकान्यात बऱ्याचदा ऑस्ट्रिया किंवा गॅलिशिया सापडतं, कारण पश्चिम युक्रेनचा तो मुलुख तेव्हा ऑस्ट्रियाच्या राज्यात होता. आडनाव गणकाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं, त्यामुळे एका भावाचं एक स्पेलिंग आणि शेजारच्या भावाचं दुसरं. आणि सेक्शन, टाउनशिप, रेंज असे आकडे दिसतील, तो जमिनीचा पत्ता, आपल्या सर्व्हे नंबरसारखा. त्यावरून ती पणजोबांच्या शेतात जाऊन उभी राहू शकते!

आता तुमच्या पणजोबांचं. तसं पान मिळणार नाही. आपल्याकडे जुन्या जनगणनेचे छापील अहवाल राहिले, गावाची लोकसंख्या मिळेल, पण घरोघरची पानं जपून ठेवायची पद्धतच नव्हती, आणि १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे गणकाची नोंदवही बघायचा हक्क कुणालाच नाही, वर्षांची मर्यादाच नाही त्याला. हे बदलायला हवं.

पण निराश होऊ नका. गावचं कोतवाल बुक, म्हणजे जन्ममृत्यूचा गाव नमुना १४, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये असू शकतं, जुने फेरफार असतात, शाळेचं जनरल रजिस्टर असतं. २०२३ ला कुणबी नोंदी शोधताना लोकांनी हेच कागद बाहेर काढले. जुनं बरंचसं मोडी लिपीत आहे, म्हणून वाचणारा माणूस आधी गाठा. पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, गाव आणि अंदाजे साल लिहून भावाला किंवा पुतण्याला अर्ज करायला सांगा.

आणि एक काम तुमच्याकडे. आजींनी सह्या कुठे गोळा केल्या, चर्चबाहेर का कुणाच्या स्वयंपाकघरात, ते विचारून लिहून ठेवा आणि मला पाठवा, पुढच्या अंकात छापते.