लेन्स सर्व्हिसला टाकण्याआधी पीस हलतंय का ते बघा

साठ फोटोंचा स्टॅक (फोकस थोडा थोडा सरकवत काढलेले फोटो सॉफ्टवेअरने जोडून केलेला एकच फोटो), मोरपिसाच्या डोळ्याभोवतीचा प्रत्येक तंतू दुहेरी, मधला निळा मळकट, आणि खाली प्रश्न: 'लेन्स सर्व्हिसला टाकू का?' तुमची पोस्ट वाचून मला माझाच एक पावसाळा आठवला. नका टाकू. निदान या आठवड्यात तरी नको.

ट्रायपॉड, रिमोट, पंखा बंद वगैरे तुम्ही करत असणारच, त्यात शिरत नाही.

मी काय केलं ते सांगतो. जुलै महिना, घरात भिंतीला हात लावला तर ओला. उजेड हवा म्हणून मंडपवाल्याकडून हॅलोजनचे दोन दिवे आणले आणि पिसापासून वीतभर अंतरावर ठेवले. दांडा खोचला होता उरलेल्या शाडूच्या गोळ्यात. पीस हवेतली ओल धरतं. तापलं की ती ओल जाते आणि तंतू हळूहळू वळतात. शाडूही सुकत होता, त्यामुळे दांडा कलत होता. डोळ्यांना काही म्हणता काही दिसत नाही. पण एकास एक मॅग्निफिकेशनला (म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढीच उमटते तेव्हा) लेन्सचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, एफ ५.६ वर असेल तर फोकसची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते, तिथे केसाएवढी हालचालसुद्धा पुरते. सॉफ्टवेअर बिचारं दोन जागचा एकच तंतू दोनदा काढतं.

मला वाटलं, लेन्सच्या आतली काच सरकली. दिली सर्व्हिस सेंटरला. नाव घेत नाही. पहिले पंधरा दिवस 'इंजिनिअर बघतायत', मग 'पार्ट मागवलाय', मग फोन उचलणंच बंद. सात आठवड्यांनी लेन्स परत आली. कागदावर 'दोष आढळला नाही', खाली तपासणी शुल्क, आणि आत पूर्वी नसलेला धुळीचा एक ठिपका. ठिपक्याबद्दल विचारलं तर 'फोटोत येत नाही ना, मग?' असं उत्तर. त्यांचं खरंय, फोटोत येत नाही. पण लेन्स माझी होती हो! असो.

तुम्ही एवढंच करा. फोकसला हात न लावता एक फोटो काढा, दहा मिनिटं थांबा, तसाच दुसरा काढा. दोन्ही शंभर टक्के मोठे करून एकावर एक ठेवून बघा. तंतू सरकलेले दिसले तर चोर बहुधा पीसच. मग पिसाच्या जागी दहाची नोट सपाट चिकटवून तेच करा. नोटेवरची बारीक अक्षरं जागच्या जागी राहिली तर कॅमेरा-स्टँडही निर्दोष.

निळा मळकट होण्याचं मूळही बहुधा हेच आहे. मोरपिसातला निळा हा रंगद्रव्याचा निळा नाही. तंतूंच्या आत मेलॅनिन या काळपट द्रव्याच्या सूक्ष्म कांड्या जाळीसारख्या रचलेल्या असतात, त्यांच्यावरून प्रकाश ज्या कोनात परततो त्यावर रंग ठरतो. पीस वळलं की कोन बदलतो, म्हणजे पहिल्या आणि साठाव्या फोटोत रंगच वेगळा. म्हणून मी आता फ्लॅशच वापरतो, मध्ये ट्रेसिंग पेपर, आणि पीस आदल्या रात्रीपासून त्याच खोलीत. दांडा थर्माकोलमध्ये. मातीत अजिबात नको, हे माझं ठाम मत.

कुणीतरी पाण्याचे थेंब उडवायला सुचवलंय. शोभेला ठीक, पण ओल्या जागी रंग उडतो. इंग्लिश शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने १६६५ मध्येच हे नोंदवून ठेवलंय. सुकल्यावर रंग परत येतो, घाबरू नका.

स्टॅक जोडायला झेरीन हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यातल्या दोन पद्धती, एकमेकांवरून जाणाऱ्या तंतूंसाठी पीमॅक्स आणि रंगासाठी डीमॅप, दोन्हींनी फोटो काढून हाताने जोडा. हे माझ्या सेटअपपुरतं. हेलिकॉन हे दुसरं सॉफ्टवेअर वापरणारे वेगळं सांगतील. आणि कृपा करून एफ १६ला जाऊ नका. एकास एकला तो जवळजवळ एफ ३२ होतो, सगळंच मऊ.

एक अवांतर. मी वकील नाही, पण गळलेलं मोरपीस देशात बाळगायला हरकत नाही, परदेशी भावाला मात्र पाठवू नका. बाकी रानपक्ष्यांची पिसं गोळा करण्याच्या फंदात मी पडत नाही, कोंबडीच्या पिसावर सराव करतो. तेही मेलेल्या कोंबडीचं उचललेलं नको. नवापूरला २००६ मध्ये बर्ड फ्लूने काय झालं ते आठवत असेलच.

ते दहा मिनिटांच्या अंतराचे दोन फोटो इथे टाका, बघून सांगतो.