वाचकांचे प्रश्न : येशू दोघांचाही, मग अडतं कुठे?

मागच्या अंकात ख्रिस्ती धर्म आणि इस्लामवर प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर पत्रांचा ढीग आलाय. बरेचसे प्रश्न सारखेच होते म्हणून ते एकत्र केलेत, काहींना दोन ओळींतच उत्तर दिलंय, त्यांनी रागावू नका.

प्रश्न : मुसलमान येशूला मानतात असं ऐकलं. खरंच मानतात की बोलायचं म्हणून बोलतात? आणि मानतात तर मग वाद कशाचा आहे?

मानतात, आणि तोंडदेखलं नाही. कुराणात येशूचं नाव ईसा, त्याला मसीह म्हणजे ख्रिस्त म्हटलंय, तो कुमारी मरियमच्या पोटी बापाशिवाय जन्मला हे मान्य, त्याने आंधळ्यांना दृष्टी दिली, कोड बरं केलं, मेलेल्यांना उठवलं हेही मान्य. ईसाला पैगंबर मानत नाही असं कोणी म्हणाला तर तो मुसलमानच राहत नाही इतकं ते पक्कं आहे. आणि मरियम तर अशी की अख्ख्या कुराणात नावाने उल्लेख असलेली बाई ती एकटीच, १९ व्या सूरेला (अध्यायाला) नावच तिचं आहे.

त्या सूरेतला जन्माचा प्रसंग मुद्दाम वाचा, कारण बायबल वाचलेल्या माणसाला तो ओळखीचाही वाटतो आणि अनोळखीही. गोठा नाही, मेंढपाळ नाहीत, मरियमचा नवरा योसेफ तर कुठेच नाही. मरियम एकटी लांब निघून गेलीये, कळा सुरू झाल्यात, खजुराच्या खोडाला टेकून ती म्हणते याआधीच मेले असते तर बरं झालं असतं, तेवढ्यात खालून आवाज येतो की दुःख करू नकोस, तुझ्या पायाशी झरा वाहतोय, खोड हलव म्हणजे पिकलेले खजूर पडतील, खा पी आणि डोळे निवव. मग ती बाळाला घेऊन आपल्या लोकांत येते, लोक नको ते बोलायला लागतात, ती काहीच बोलत नाही, फक्त बाळाकडे बोट दाखवते. आणि तान्हं बाळ बोलतं. काय बोलतं तर, मी अल्लाहचा बंदा म्हणजे सेवक आहे, त्याने मला ग्रंथ दिला आणि पैगंबर केलं.

आता इथेच बघा. मुसलमानाला हा चमत्कार म्हणजे ईसाच्या मोठेपणाचा पुरावा वाटतो, आणि ख्रिस्ती माणूस पहिल्याच वाक्याला थबकतो, कारण त्याच्या श्रद्धेत येशू देवाचा पुत्र आहे, स्वतः देव आहे, माणूस होऊन आलेला. एवढ्या एका शब्दावर, बंदा की पुत्र, सगळं येऊन अडतं.

दुसरी अडचण क्रूसाची. ख्रिस्ती धर्मातून क्रूस काढला तर मागे काही उरत नाही, सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याने तर करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना स्पष्टच लिहिलंय की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे. आणि कुराणाच्या चौथ्या सूरेत म्हटलंय की त्यांनी त्याला मारलं नाही, क्रूसावरही चढवलं नाही, त्यांना तसा भास झाला, अल्लाहने त्याला आपल्याकडे उचलून घेतलं. भास म्हणजे नेमकं काय, दुसऱ्याच कोणाचा चेहरा त्याच्यासारखा झाला का, यावर मुस्लिम भाष्यकारांचीही वेगवेगळी मतं आहेत. इतिहासाचे अभ्यासक बहुतेक सगळे मानतात की रोमन सुभेदार पिलात याच्या हुकमाने येशूला क्रूसावर चढवलं होतं, पण मुसलमान हा प्रश्न इतिहासाचा म्हणून सोडवत नाही. अल्लाह आपल्या पैगंबराची अशी विटंबना होऊ देणार नाही अशी भावना त्यामागे आहे, आणि गंमत म्हणजे ख्रिस्ती माणसाला नेमक्या त्या विटंबनेतच देवाचं प्रेम दिसतं.

म्हणून "तेही येशूला मानतात, हेही मानतात, झालं" असं म्हणून विषय मिटत नाही.

प्रश्न : सुरुवातीपासूनच यांचं वाकडं होतं का?

नाही हो. मुहम्मद पैगंबरांना पहिला साक्षात्कार झाला, साधारण इ.स. ६१०, तेव्हा ते घाबरले होते आणि त्यांना धीर देणारा वरका हा त्यांच्या पत्नी खदीजांचा चुलतभाऊ ख्रिस्तीच होता असं परंपरा सांगते. मक्केत छळ सुरू झाला तेव्हा ६१५ च्या आसपास काही अनुयायी पळाले ते हबशांच्या (आजच्या इथिओपियाकडच्या) ख्रिस्ती राजाकडे, नजाशीकडे. मक्केवाल्यांनी मागोमाग नजराणे घेऊन माणसं पाठवली की ही माणसं आमच्या ताब्यात द्या. सीरा ग्रंथांत म्हणजे पैगंबरांच्या चरित्रांत पुढची गोष्ट मोठी छान आहे, पळून आलेल्यांपैकी जाफरने दरबारात मरियमची सूरा म्हणून दाखवली आणि राजा रडला. दुसऱ्या दिवशी मक्केवाले परत आले, म्हणे महाराज, हे लोक ईसाबद्दल काय भयंकर बोलतात विचारा तर खरं! जाफरने सरळ सांगितलं की तो अल्लाहचा बंदा, त्याचा प्रेषित, त्याचा शब्द, कुमारी मरियममध्ये टाकलेला. राजाने जमिनीवरची काडी उचलली आणि म्हणाला तू सांगितलंस त्यात आणि ईसात या काडीइतकाही फरक नाही. दरबारी नाकं मुरडत राहिले.

माझ्या मते त्या दरबाऱ्यांना फरक बरोबर कळला होता. राजाने तो बाजूला ठेवला आणि आश्रय दिला, दोन्ही गोष्टी एकाच दरबारात होऊ शकतात.

प्रश्न : दोघांचा देव एकच आहे का? मग तीन देवांचं काय?

तीन देव ख्रिस्ती लोकही मानत नाहीत, हे आधी डोक्यात पक्कं करा. त्यांच्या श्रद्धेच्या कबुलीची सुरुवातच एका देवापासून होते. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्ती पण तत्त्व एक, देव एक, याला ते त्रैक्य म्हणतात. ३२५ मध्ये निकीया या शहरात बिशपांची सभा भरली ती याच्यासाठीच, एरियस नावाचा धर्मगुरू म्हणत होता की पुत्र निर्माण केलेला आहे, पित्याच्या बरोबरीचा नाही, सभेने सांगितलं नाही, पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा आहे. म्हणजे येशू नेमका कोण यावर इस्लाम यायच्या तीनशे वर्षं आधीपासून ख्रिस्ती लोक आपापसातच कडाकडा भांडत होते.

इस्लाममध्ये तौहीद, देवाचं एकपण, त्यात कसलीही वाटणी नाही. ११२ वी सूरा चार छोट्या आयतींची (ओळींची) आहे, तिच्यात सांगितलंय की तो एक आहे, त्याने कोणाला जन्म दिला नाही, त्याला कोणी जन्म दिला नाही. अल्लाहच्या जोडीला कोणाला बसवणं म्हणजे शिर्क, सगळ्यात मोठा गुन्हा. जेरुसलेमच्या डोम ऑफ द रॉक या घुमटाच्या आत, जो ६९१-९२ चा आहे, अब्द अल मलिक खलिफाने मोझेकमध्ये अक्षरं घडवून घेतलीत, त्यात ईसाबद्दल आदरही आहे आणि "तीन म्हणू नका" असंही आहे. जुन्या इस्लामी वास्तूंमधली इतकी जुनी वास्तू, आणि भिंतीवर चर्चा चाललीये ती ख्रिस्ती शेजाऱ्यांशी.

एक बारीक गोष्ट सांगतो. पाचव्या सूरेत अल्लाह ईसाला विचारतो, अल्लाहला सोडून मला आणि माझ्या आईला देव माना असं तू लोकांना सांगितलंस का? ख्रिस्ती लोक यावर म्हणतात की आमच्या त्रैक्यात मरिया नाहीच, मग हे कोणाबद्दल आहे? मुस्लिम पंडित म्हणतात की मरियमची अति पूजा करणाऱ्यांबद्दल आहे. इथे दोघं एकमेकांच्या शेजारून बोलत निघून जातात असं मला तरी वाटतं.

मग देव एक का? जग निर्माण करणारा, अब्राहामशी म्हणजे इब्राहिमशी बोललेला, शेवटी न्याय करणारा, त्या देवाकडेच दोघंही तोंड करून आहेत. अरब ख्रिस्ती तर प्रार्थनेत अल्लाहच म्हणतात. कॅथलिक चर्चने १९६५ च्या नोस्त्रा एताते या जाहीरनाम्यात लिहिलं की मुसलमान एकाच देवाची उपासना करतात आणि चर्चला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण त्याच मजकुरात मुहम्मद पैगंबरांचं नाव नाही, कुराणाचंही नाही. हे विसरून राहिलं असेल असं मला वाटत नाही! मुसलमानाच्या श्रद्धेत येशूला जागा राखीव आहे, ख्रिस्ती श्रद्धेत पैगंबरांना तशी जागा नाही, हा तिरपेपणा दोन्ही बाजूंच्या गप्पांमध्ये कायम नडतो.

प्रश्न : कुराण म्हणजे मुसलमानांचं बायबल, आणि मुहम्मद म्हणजे त्यांचे येशू, बरोबर ना?

शाळेत जोड्या लावा असायचं ना, त्यातली ही पहिलीच जोडी चुकते आणि मग खालच्या सगळ्या चुकत जातात.

ख्रिस्ती माणसाला देवाचा शब्द म्हणजे आधी येशू स्वतः. योहानाचं शुभवर्तमान (बायबलमधल्या येशूच्या चरित्रांपैकी एक) उघडा, प्रारंभी शब्द होता, शब्द देव होता, आणि तो देहधारी झाला. बायबल हे त्या शब्दाची साक्ष, अनेक माणसांनी पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने अनेक शतकांत लिहिलेलं, प्रोटेस्टंटांकडे ६६ पुस्तकं आणि कॅथलिकांकडे ७३. चार शुभवर्तमानं चार जणांची आणि त्यांच्यात फरक आहेत, ख्रिस्ती लोकांना त्याचं ओझं नाही.

इस्लाममध्ये देवाचा शब्द म्हणजे कुराण. सुमारे २३ वर्षं थोडं थोडं उतरलेलं, अरबीत, जसंच्या तसं, मुहम्मद पैगंबर त्याचे लेखक नाहीत, ते पोचवणारे. म्हणून जोडी लावायचीच तर कुराणाची येशूशी लावा. एकाकडे शब्द माणूस झाला, दुसऱ्याकडे शब्द ग्रंथ झाला. कुराणाचा अपमान झाला की मुसलमान इतका का दुखावतो हे यातून जरा कळेल.

आणि हो, तौरात (मूसाला), जबूर (दाऊदला), इंजील (ईसाला) हे आधीचे ग्रंथही अल्लाहनेच दिले हे मुसलमान मानतात, पण नंतर लोकांनी त्यात फेरफार केले असंही बहुतेक जण मानतात. शिवाय इंजील म्हणजे ईसाला दिलेला ग्रंथ, आणि शुभवर्तमानं म्हणजे येशूबद्दल लिहिलेली, तीही जोडी चुकलेली!

प्रश्न : मुसलमान ख्रिसमस साजरा करतात का?

धार्मिक सण म्हणून नाही. पण लेबननमध्ये २५ मार्च, मरियमला देवदूताने निरोप दिला तो दिवस, २०१० पासून दोन्ही धर्मांची मिळून राष्ट्रीय सुट्टी आहे.

प्रश्न : सगळे धर्म शेवटी एकच सांगतात. तुम्ही फरक उकरून कशाला काढता?

चोरी करू नका, गरिबाला द्या, आईबापाला सांभाळा, खोटं बोलू नका, इथपर्यंत एकच सांगतात, मान्य. पण माणूस मुळात कुठे बिघडलाय आणि त्याचं भलं कसं होणार हे विचारा, उत्तरं वेगळी येतात.

आदम आणि हव्वाची गोष्ट दोन्हीकडे आहे. कुराणात दोघांनी मिळून चूक केली, मिळून माफी मागितली, अल्लाहने माफ केलं, विषय संपला. माणूस कोरा जन्मतो, विसराळू आहे, मोहात पडतो, त्याला वाट दाखवायला पैगंबर आणि ग्रंथ लागतो. तौबा म्हणजे पश्चात्ताप करा, ईमान म्हणजे श्रद्धा आणि चांगलं कर्म ठेवा, बाकी अल्लाहच्या दयेवर, आणि कोणी दुसऱ्याचं ओझं उचलत नाही. ख्रिस्ती परंपरेत, खासकरून पश्चिमेकडच्या, ती चूक पुढे सगळ्या माणूसजातीला लागली, आदिपाप, माणूस आतूनच मोडलाय आणि स्वतःच्या बळावर सुधारू शकत नाही, म्हणून देवालाच यावं लागलं आणि दुसऱ्याचं ओझं उचलावं लागलं. आता मला सांगा, ज्याला आदिपापच मान्य नाही त्याला क्रूसाची गरज का वाटेल? सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे, एक धागा ओढला की दुसरा येतो. हे फरक झाकून ठेवायचे म्हणजे दोघांनाही आपलं म्हणणं कळत नाही असं धरून चालणं, मला ते आवडत नाही.

प्रश्न : येशू परत येणार असं दोघंही म्हणतात?

म्हणतात. ख्रिस्ती श्रद्धेत तो न्यायाधीश म्हणून वैभवात येणार. हदीसमध्ये म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहांत ईसा दमास्कसच्या पूर्वेला पांढऱ्या मिनारापाशी उतरणार, दज्जालला म्हणजे शेवटच्या काळातल्या खोट्या मसीहला मारणार, क्रूस मोडणार, न्यायाने राज्य करणार आणि मग माणसासारखा मरणार, न्याय मात्र अल्लाहचाच. दमास्कसच्या उमय्यद मशिदीच्या एका मिनाराला ईसाचं नावही आहे. त्याच मशिदीत याह्याची म्हणजे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची समाधी मानतात, आणि २००१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे तिथे गेले, मशिदीत पाऊल ठेवणारे ते पहिले पोप.

प्रश्न : येशूच्या कबरीवरच्या चर्चची चावी मुसलमानांकडे असते ही अफवा आहे का?

अफवा नाही. जेरुसलेमचं ते चर्च सहा ख्रिस्ती पंथ मिळून वापरतात, त्यांचं आपसात कोपऱ्याकोपऱ्यावरून वाजतं, म्हणून चावी ठेवायचं आणि दार उघडायचं काम शेकडो वर्षं दोन मुस्लिम घराण्यांकडे आहे. ज्यांच्या श्रद्धेत येशू त्या कबरीत कधी नव्हताच ते रोज पहाटे दार उघडतात, आणि ज्यांच्या श्रद्धेत तो होता आणि उठला ते आत जातात.

प्रश्न : मी ख्रिस्ती, तो मुसलमान. लग्न धर्मात बसतं का?

त्याच्या बाजूने पाचव्या सूरेत ग्रंथधारक म्हणजे ज्यू आणि ख्रिस्ती स्त्रीशी लग्नाला परवानगी आहे, धर्म बदलायची अट नाही, घरचे काय म्हणतील ते वेगळं. उलट, मुस्लिम मुलगी आणि ख्रिस्ती मुलगा हे पारंपरिक फिकहमध्ये म्हणजे इस्लामी धर्मनियमांत चालत नाही. तुम्ही कॅथलिक असाल तर बाप्तिस्मा न झालेल्याशी लग्नासाठी बिशपांकडून सूट घ्यावी लागते, नाहीतर चर्चच्या नियमाने ते लग्न धरत नाहीत, आणि मुलांना कॅथलिक वाढवण्यासाठी होईल ते करीन असं वचन तुमच्याकडून घेतलं जातं. तिकडे मुस्लिम बापाची मुलं मुस्लिमच धरतात. म्हणजे खरी गाठ मुलांवर पडणार आहे, तेव्हा हॉल बघायच्या आधी दोघांनी त्यावर बोलून घ्या.