कोलकात्याला चाललोय, गॅलिफ स्ट्रीटचा पक्षी बाजार बघावा का?

बघा, पण रविवार हवा, कारण मोठा बाजार त्याच दिवशी भरतो. शामबाजार मेट्रोला उतरा, तिथून बागबाजारच्या दिशेने चालत जाता येतं. सकाळी लवकरच पोचा, ऊन चढलं की गर्दीत जीव नको होतो आणि पिंजऱ्यातल्या जिवांचेही हाल बघवत नाहीत.

नुसते पक्षी नाहीत हां, रोपं, रंगीत मासे, कबुतरं, ससे, कुत्र्याची पिल्लं, सगळं रस्त्यावरच मांडलेलं असतं. मला माशांचा भाग सगळ्यात आवडतो, हवा भरून फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या ओळीने टांगलेल्या आणि लोक एकेक पिशवी उजेडात धरून माशाचे पंख नीट आहेत का बघतात, तिथे अर्धा तास कसा जातो कळत नाही.

पक्ष्यांचं मात्र लक्षात ठेवा. बजरीगर, लव्हबर्ड, कॉकटील हे परदेशी पक्षी पाळता येतात, पण आपला हिरवा पोपट, मुनिया, डोंगरी मैना यांची खरेदी-विक्री वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे. मुनियांना रंग फासून विकायचा प्रकार भारतात जुना आहे, म्हणून फार भडक रंगाचा इवलासा पक्षी दिसला तर शंका घ्याच. आणि दया येते म्हणून सोडवायला विकत घेऊ नका प्लीज, विक्रेत्याला गिऱ्हाईक मिळालं की तो पुढच्या रविवारी अजून पकडून आणणार. त्यापेक्षा वनखात्याला कळवा. फोटो विचारूनच काढा, बरेच जण नाही म्हणतात.