आंब्याच्या ओल्या लाकडातून लेथवर छोट्या वाट्या कातायच्या आहेत. ओंडका आधी वाळवावा की वाटी? भिंत किती जाड ठेवावी?

म्हणजे सोसायटीतल्या आंब्याची पावसाळ्याआधी छाटलेली फांदी तुम्ही उचलून आणलीत, घरी मिनी लेथ आहे, चार ते सहा इंची वाट्या करायच्यात, आणि ओल्या लाकडातूनच एका दमात पूर्ण केलेली पहिली वाटी आठवड्यात चिरली.

वाटी वाळवा, ओंडका नको. म्हणजे ओली असताना ती जाडसर कातायची (हे रफ काम), वाळवायची आणि मग दुसऱ्यांदा कातून पूर्ण करायची. अखंड ओंडक्याची बाहेरची बाजू आधी सुकून आकसायला बघते, आतला ओला भाग तिला आकसू देत नाही, मग ती फाटते. पोटातलं नको असलेलं लाकूड ओलं असतानाच काढून टाकलं, की उरलेली भिंत आतून-बाहेरून बऱ्यापैकी सारखी सुकते. शिवाय ओला आंबा कातायला मजा येते. पटाशीखालून लांबलचक रिबिनी निघतात आणि धूळ नावालाही नसते. अंगावर पाणी उडतं, तेवढं चालवून घ्या.

खरी भानगड अशी की लाकूड सगळ्या दिशांनी सारखं आकसत नाही. रेषेच्या, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या, लांबीत ते जवळजवळ आकसतच नाही. वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने सगळ्यात जास्त, आणि गाभ्याकडून सालीकडे साधारण त्याच्या निम्मं. लाटणं किंवा भोवरा कातताना रेषा लेथच्या अक्षाला समांतर असतात, त्यामुळे ते वाळल्यावरही बरेचसे गोलच राहतात. वाटीत रेषा आडव्या धावतात, म्हणून ती लंबगोल होते. सहा इंची, म्हणजे 150 मिमी वाटीत हा फरक सहज 6-7 मिमी भरतो. दुसऱ्यांदा कातून ती पुन्हा गोल करायची, तर लांबट बाजूला बाहेरून 3-4 मिमी जाणार, अरुंद बाजूला आतून तेवढंच, आणि त्यानंतर हातात धरायला भिंत उरली पाहिजे.

व्यासाच्या दहा टक्के जाडी ठेवावी, असा नियम सगळीकडे सांगतात. सहा इंचीला तो बरोबर आहे, 15 मिमी पुरते. चार इंचीला मात्र मी 10 ऐवजी 12-13 ठेवतो, कारण वाटी लहान झाली म्हणून दुसऱ्यांदा चकमध्ये (लेथवर लाकूड पकडणाऱ्या जबड्यात) बसवताना होणारी चूक लहान होत नाही. पण जाडीपेक्षाही ती सारखी असणं महत्त्वाचं. कडेला 10 आणि तळाला 25 मिमी असली, तर कड आधी वाळते आणि तळ तिला धरून ठेवतो. भेग तिथूनच सुरू होते. आतला आकार बाहेरच्यासारखाच वळवा, कोनात तळ सोडू नका. जाडी मोजायचा कॅलिपर दर थोड्या वेळाने लावून बघा.

ओंडका कापताना व्यासापेक्षा दोनेक इंच जास्त लांब ठेवा आणि टोकांचा तडकलेला भाग उडवा. मग मधोमध गाभ्यातून उभा चिरून गाभ्याचा सेंटिमीटरभर पट्टा दोन्ही अर्ध्यांमधून काढून टाका. तो वाटीत राहिला तर तडा जवळपास ठरलेलाच. फांदी आडवी वाढलेली असेल तर गाभा मध्यावर नसतो आणि लाकडात ताण भरलेला असतो. ती वाटी जास्त मुरडणार हे धरून चाला.

फेसप्लेट (स्क्रूने लाकडाला लावायची लेथची चकती) गाभ्याकडच्या सपाट तोंडावर, टेलस्टॉक (समोरून टोक दाबून आधार देणारा भाग) सालीकडे. आधी हाताने फिरवून कुठे अडत नाही ना बघा, मिनिटाला 500-600 फेऱ्यांवर सुरुवात करा, आणि तोंडावर पूर्ण शील्ड हवीच. बाहेरची बाजू तळाकडून काठाकडे, आतली काठाकडून मध्याकडे, पटाशीची टाच लाकडावर टेकवून. वाटीसाठीची गोल पटाशी वेगळी असते. सेटमध्ये येणारी रुंद स्पिंडल रफिंग गाऊज (लाटण्यासारख्या कामाची पटाशी) वाटीला लावू नका, तिची मुठीत जाणारी शेपटी बारीक असते आणि वाटीत अडकली तर मोडते. चकसाठी तळाला जो खुंट ठेवाल तो 4-5 मिमी मोठाच ठेवा, तोही लंबगोल होणार आहे. त्यावरची टेलस्टॉकच्या टोकाची खूण पुसू नका. वाळलेली वाटी उलटी करून रबर लावलेल्या लाकडी चकतीवर टेकवायची, टेलस्टॉक त्याच खुणेत बसवायचा आणि खुंट आधी गोल करून घ्यायचा. मग पुढचं सगळं सरळ जातं.

एकदा सुरुवात केली की त्याच बैठकीत रफ पूर्ण करा. अर्धी वाटी पंख्याखाली सोडून जेवायला गेलात तर परत येईपर्यंत केसासारख्या चिरा दिसू शकतात. उठावंच लागलं तर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा. लेथचा बेड पुसून तेलाचा हात मारा, ओल्या लाकडाने गंज पटकन चढतो.

आता वाळवणं. यूट्यूबवरचे बहुतेक सल्ले इंग्लंड-अमेरिकेच्या हवेतले असतात. वाटी कातताना निघालेल्या छिलक्यांसकट कागदी पिशवीत घाला, म्हणतात. मार्च-एप्रिलमध्ये देशावर हे उत्तम, कारण दुपारच्या कोरड्या हवेत पाणी फार झपाट्याने उडतं. जुलैमध्ये मात्र त्या पिशवीत बुरशीचं शेत होतं आणि आंबा निळा-काळा पडतो. पावसाळ्यात छिलके नकोत. वर्तमानपत्रात गुंडाळा, कागद ओलसर लागला की बदला, आणि आठवड्याभराने वाटी उघडीच फळीवर ठेवा, थेट पंख्यासमोर नाही. काठावर जिथे रेषांची टोकं उघडी पडतात, अशा समोरासमोरच्या दोन जागा असतात. तिथे बाहेरून मेण लावा. मेणबत्तीचं चालतं, पण भांडं उकळत्या पाण्यात ठेवून वितळवा, थेट आचेवर नको.

तारीख आणि वजन पेन्सिलीने तळावर लिहा आणि दर आठवड्याला किचनच्या काट्यावर ठेवा. वजन तीन-चार आठवडे हललं नाही की वाटी वाळली. छोट्या वाटीला दोन ते चार महिने धरा. यातही एक मेख आहे. वाटी हवेइतकीच वाळते. 80-85 टक्के आर्द्रतेत लाकडात 16-18 टक्के पाणी राहतं, 30 टक्क्यांच्या आसपास ते 6 टक्क्यांवर येतं. म्हणून ऑगस्टमध्ये वजन थांबलं तरी दुसरं कातकाम दिवाळीनंतर कोरडी हवा सुरू झाल्यावर करा. नाहीतर गोल केलेली वाटी उन्हाळ्यात पुन्हा लंबगोल होईल.

आंब्याला कीड लवकर लागते. वाटीखाली पिठासारखी पूड दिसली तर ती लगेच बाकीच्यांपासून वेगळी करा. काहीजण रफ वाटी दर इंच जाडीला तासभर या हिशोबाने उकळतात. तेवढ्या उष्णतेने आतली कीड मरते, नंतर मात्र पुन्हा लागू शकते.