अणूची जुनी मॉडेल्स चुकीची ठरली, तरी शाळेत का शिकवतात?

तुम्ही लिहिलंय की मुलगी आठवीत आहे, पुस्तकात आधी डाल्टन येतो आणि म्हणतो अणू फुटत नाही, पान उलटलं की थॉमसन त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर काढतो, मग रदरफोर्ड, मग बोर, आणि वर तिच्या अकरावीतल्या भावाने सांगितलं की कक्षा वगैरे काही नसतंच. तर ती विचारतेय सगळंच चुकीचं आहे तर पाठ कशाला करायचं, आणि तिला काय सांगू हे तुम्ही विचारताय.

मी चौदा वर्षं अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवतेय. पहिलं म्हणजे तिला सांगा की प्रश्न एकदम बरोबर आहे. मी शाळेत असताना हेच विचारलं होतं तेव्हा "पेपरात येतं तेवढं कर" असं उत्तर मिळालं होतं, ते अजून लक्षात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गडबड कुठे होते, तर पुस्तकात चार चित्रं ओळीने छापतात आणि मुलांना वाटतं हे अणूचे चार फोटो आहेत, आधीचे धूसर आणि शेवटचा क्लिअर. पण यातल्या कोणीच अणू पाहिला नव्हता. प्रत्येकाच्या हातात काहीतरी मोजलेलं होतं, कुणाकडे वजनं, कुणाकडे वाकलेले किरण, कुणाकडे रंगीत रेघा, आणि आत काय असेल तर हे असंच मोजमाप येईल, याचं उत्तर म्हणजे त्याचं मॉडेल. त्यामुळे मॉडेल शिकताना तो माणूस काय मोजत होता हे सोबत शिकवलं नाही ना, तर ते नुसतं चित्रच राहतं आणि मग ते खोटं वाटणारच.

डाल्टनचंच घ्या. मँचेस्टरचा हा माणूस 1787 पासून 1844 मध्ये जाईपर्यंत रोज हवामानाच्या नोंदी ठेवत होता, हवा, वाफ, वायू हा त्याचा खरा नाद. त्याने दोन वायू घेतले, मिथेन आणि एथिलीन, दोन्हीत फक्त कार्बन आणि हायड्रोजन. कार्बन सारख्याच वजनाचा धरला तर मिथेनमधला हायड्रोजन एथिलीनच्या दुप्पट भरतो. पावणेदोन पट का नाही, सव्वादोन का नाही? मी वर्गात मिसळ-पावचं उदाहरण देते. एका प्लेटबरोबर दोन पाव येतात, एक्स्ट्रा घेतला की तीन, पण कोणाच्याही बिलावर दोन पूर्णांक सदतीस शतांश पाव लागत नाही. किचनमध्ये न डोकावता नुसती बिलं बघून तुम्ही सांगू शकता की पाव अख्खेच मिळतात. डाल्टनने तराजूवरून हेच केलं, पदार्थ अख्ख्या नगांमध्ये जोडले जातात आणि एका मूलद्रव्याचा प्रत्येक नग सारख्या वजनाचा. 1803 च्या आसपास त्याने वजनांचा पहिला तक्ता केला आणि 1808 मध्ये पुस्तक आलं. आजही बारावीची मुलं मोलची, म्हणजे वजनावरून कणांची संख्या काढायची, गणितं करतात तेव्हा डाल्टनचेच गोळे मोजत असतात, तिथे इलेक्ट्रॉनची गरजच पडत नाही.

आता तो चुकला कुठे, ही गोष्ट पुस्तकात फारशी येत नाही आणि मला ती सगळ्यात जास्त आवडते. पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं वजन 1 ला 8 असतं. पण पाण्याच्या एका कणात किती हायड्रोजन आणि किती ऑक्सिजन हे तराजू सांगत नाही! डाल्टनने ठरवलं की दोन मूलद्रव्यांचं एकच संयुग माहीत असेल तर ते एकास एक धरायचं, म्हणजे त्याच्या हिशोबाने पाणी एच-ओ. तसं धरलं की ऑक्सिजनचं वजन 8 येतं, एच-टू-ओ धरलं की 16. एका गृहीतकावर अख्खा तक्ता हलतो. त्याच सुमारास फ्रान्समध्ये गे-ल्युसॅकने दाखवलं की दोन माप हायड्रोजन आणि एक माप ऑक्सिजन मिळून दोन माप वाफ होते. सारख्या मापात सारखेच कण धरले, तर एका मापातून दोन मापं झाली म्हणजे ऑक्सिजनचा कण दोन ठिकाणी वाटला गेला, आणि अणू तर फुटत नाही, म्हणून डाल्टनने ते मोजमापच नाकारलं. 1811 मध्ये इटलीचा अवोगाद्रो म्हणाला अहो अणू फुटत नाहीये, ऑक्सिजन वायूचा कणच मुळात दोन अणूंची जोडी आहे. पण डाल्टनच्या मॉडेलमध्ये सारखे अणू एकमेकांना ढकलतात असं होतं त्यामुळे जोडी त्याच्या डोक्यात बसेना.

याची किंमत जवळजवळ पन्नास वर्षं मोजली केमिस्ट्रीने. 1861 च्या केकुले या जर्मन केमिस्टच्या पुस्तकात ॲसिटिक ॲसिडची, म्हणजे आपल्या व्हिनेगरमधल्या आम्लाची, तेव्हा वापरात असलेली 19 वेगवेगळी सूत्रं दिलीत. एकाच पदार्थाची एकोणीस! 1860 च्या सप्टेंबरमध्ये जर्मनीत कार्ल्सरुहेला केमिस्ट लोकांची परिषद भरली, तिथे इटलीच्या कॅनिझारोने अवोगाद्रोचा मुद्दा नीट मांडला, त्याची छोटी पुस्तिका लोकांना वाटली गेली, आणि वजनांचा घोळ सुटायला सुरुवात झाली. त्या परिषदेला तरुण मेंडेलीव्ह हजर होता. पुढे त्याने आवर्तसारणी मांडली ती सुधारलेल्या वजनांवरच, एच-ओ वाल्या वजनांवर ती बसलीच नसती. तर "डाल्टनच्या सिद्धांताच्या त्रुटी" मध्ये अणू विभाज्य आहे, समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) असतात असं लिहायला लावतात ते ठीकच, पण ते शंभरेक वर्षांनी कळलेलं आहे, त्याच्या हयातीत त्याचं मॉडेल अडलं ते पाण्याच्या वाफेत.

थॉमसनवर फार वेळ घालवत नाही. 1897, केंब्रिज, कॅथोड किरण, म्हणजे हवा काढलेल्या काचेच्या नळीत वीज सोडली की ऋण टोकाकडून (कॅथोडकडून) निघणारे किरण, वीज आणि चुंबकाने वाकवून त्याने वस्तुमान आणि प्रभाराचं गुणोत्तर काढलं, नळीतला वायू बदलला, कॅथोडचा धातू बदलला, आकडा तोच. म्हणजे हा कण सगळ्याच पदार्थांत आहे आणि हायड्रोजनपेक्षा हजारपटीच्या हिशोबात हलका. मग ऋण कण आत आहेत आणि अणू एकूण उदासीन आहे तर धन प्रभार कुठेतरी हवा, तो त्याने पसरून टाकला. प्लम पुडिंग हे नाव त्याचं नाही, नंतर लोकांनी दिलं, आणि आपल्याकडच्या मुलांनी ते पुडिंग कधी खाल्लेलंच नसतं, म्हणून मी बेदाणे घातलेला शिरा सांगते.

आता रदरफोर्ड, आणि इथे तुम्ही मुलीबरोबर घरी एक गोष्ट कराच. एक मोठा पुठ्ठा घ्या, त्याखाली तिला न दाखवता काहीतरी ठेवा, वाटी, डबा, वीट, त्रिकोणी लाकूड, जे असेल ते, पुठ्ठा थोडा उचललेला राहील असं बघा आणि तिला एका बाजूने गोट्या सोडायला सांगा. गोटी कुठून गेली, कुठून बाहेर आली हे कागदावर काढायचं आणि त्यावरून आत काय आहे ते सांगायचं. पुठ्ठा शेवटपर्यंत उचलायचा नाही! माझ्या वर्गात दरवर्षी कोणीतरी रडकुंडीला येऊन म्हणतं मॅडम दाखवा ना एकदा, आणि मी नाही दाखवत, कारण अणूचा पुठ्ठा रदरफोर्डला उचलता येत नव्हता. एका वर्षी एका ग्रुपने वाटी आहे सांगितलं आणि दुसऱ्याने गोल डबा, दोघांच्याही गोट्या दोन्ही उत्तरांना जुळत होत्या. मग एक मुलगी म्हणाली पुठ्ठ्यावर टिचकी मारून आवाज ऐकू, म्हणजे तिने नवीन मोजमाप शोधलं. त्या दिवशी मला पुढचं काही शिकवावंच लागलं नाही.

मँचेस्टरलाच रदरफोर्डच्या प्रयोगशाळेत 1909 मध्ये गायगर आणि मार्सडेन, हा मार्सडेन तेव्हा विशीतला विद्यार्थी, मिठाईवर लावतो तसल्या वर्खासारख्या पातळ धातूच्या पत्र्यावर अल्फा कण (किरणोत्सारी पदार्थातून सुटणारे धन प्रभाराचे कण) सोडत होते. कण पडद्यावर आदळला की बारीक ठिणगी दिसते, ती अंधारात बसून मायक्रोस्कोपमधून डोळ्यांनी मोजायची. शिऱ्याचं मॉडेल खरं असेल तर सेकंदाला हजारो किलोमीटरने जाणारा कण जरासा वाकून पार जायला हवा. बहुतेक गेलेच, पण साधारण आठ हजारांत एक उलटा फिरला. पसरलेला धन प्रभार एवढा जोरदार धक्का देऊच शकत नाही, तो एका बारीक ठिकाणी गोळा झालेला असला तरच जमतं. 1911 मध्ये रदरफोर्डने नुसतं केंद्रक आहे म्हटलं नाही, कुठल्या कोनात किती कण जातील याचं सूत्र दिलं, आणि गायगर-मार्सडेनने पुन्हा अंधारात बसून लाखभर ठिणग्या मोजून ते तपासलं. प्रमाण सांगायचं तर सोन्याचा अणू दीडशे मीटरच्या क्रिकेट ग्राउंडएवढा केला तर केंद्रक मधोमध ठेवलेल्या हरभऱ्याच्या दाण्याएवढं येतं, आणि अणूचं जवळजवळ सगळं वजन त्या हरभऱ्यात.

पण या मॉडेलला जन्मापासूनच दुखणं होतं. गोल फिरणारा इलेक्ट्रॉन तेव्हाच्या नियमांप्रमाणे प्रकाश सोडत सोडत ऊर्जा गमावणार आणि सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही आत केंद्रकात पडणार. तसं झालं असतं तर तुम्ही-आम्ही नसतो.

इथून बोरकडे जायचा रस्ता स्वयंपाकघरातून जातो. मीठ घातलेलं वरण उतू जाऊन गॅसवर सांडलं की निळी ज्योत पिवळी होते बघा, तो मिठातला सोडियम. प्रत्येक मूलद्रव्य आपापले ठरलेले रंग देतं, हायड्रोजनच्या दिसणाऱ्या रेघा 656, 486, 434 आणि 410 नॅनोमीटरला. स्वित्झर्लंडमध्ये बाझलला मुलींच्या शाळेत शिकवणारे बामर म्हणून एक गणिताचे शिक्षक होते, त्यांनी 1885 मध्ये साठीच्या घरात असताना या चार आकड्यांमधलं सूत्र शोधलं. 364.56 ला n वर्ग भागिले n वर्ग वजा 4 ने गुणा, n च्या जागी 3, 4, 5, 6 घाला, चारही रेघा मिळतात. तिला कॅल्क्युलेटरवर करायला सांगा, आठवीच्या मुलीला सहज जमतं. का मिळतात हे बामरना सांगता येत नव्हतं. 1913 मध्ये बोरने ते सूत्र पाहिलं आणि त्याला वाट सापडली, इलेक्ट्रॉनला ठरावीकच कक्षा आहेत, तिथे असताना तो प्रकाश सोडत नाही, एका कक्षेतून खालच्या कक्षेत उतरला की मधल्या ऊर्जेचा प्रकाश बाहेर. का सोडत नाही? त्याचं कारण त्याच्याकडे नव्हतं, त्याने तसं धरलं आणि आकडे जुळले.

आकडे किती जुळले ते ऐका. काही रेघा लोक हायड्रोजनच्या समजत होते, बोर म्हणाला या एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमच्या आहेत. फाउलर नावाच्या इंग्लिश शास्त्रज्ञाने हरकत घेतली की तुझ्या हिशोबाने हेलियमच्या आणि हायड्रोजनच्या रेघांच्या आकड्यांचं गुणोत्तर 4 यायला हवं आणि मोजून 4.0016 येतं. बोरने बघितलं की आपण केंद्रक स्थिर धरलंय, प्रत्यक्षात तेही किंचित हलतं, ते घेऊन परत गणित केलं तर 4.00163 आलं. एखादं मॉडेल "चुकीचं" म्हणून फेकून देण्याआधी हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. आणि तोच बोर साध्या अख्ख्या हेलियममध्ये, दोन इलेक्ट्रॉन असताना, पार अडकला. एक इलेक्ट्रॉन असेल तर चौथ्या दशांशापर्यंत बरोबर, दोन झाले की रेघा जुळेनात. 1926 मध्ये श्रोडिंगरचं समीकरण आलं, दुसऱ्याच वर्षी इलेक्ट्रॉन लहरीसारखे वागतात हे प्रयोगात दिसलं, आणि कक्षेच्या जागी ते ढगासारखं ऑर्बिटल, म्हणजे इलेक्ट्रॉन सापडायची शक्यता जास्त असलेली जागा, आलं, जे तुमचा मुलगा आता शिकतोय. तो म्हणतो ते खरंय, कक्षा नाहीत. पण ऊर्जेच्या ठरलेल्या पायऱ्या आहेत, आणि त्या पायऱ्या बोरच्याच. त्याच्या वहीत 1s, 2p असं जे लिहिलेलं असतं त्यातला 1 आणि 2 कुठून आला ते त्याला विचारा.

आणखी एक प्रॅक्टिकल गोष्ट, मुलगी हिंदी व्हिडिओ बघून अभ्यास करत असेल तर तिथे "अणु" म्हणजे आपला रेणू आणि "परमाणु" म्हणजे आपला अणू, यात मुलं फार गोंधळतात. परमाणू हा शब्द कणादांच्या वैशेषिक दर्शनातला, तिथे दोन परमाणूंचं द्व्यणुक आणि तशा तिनांचं त्र्यणुक अशी सुंदर मांडणी आहे. मी ती वर्गात आदराने सांगते, पण वेगळी सांगते, कारण ती विचारातून आलेली आहे, तिथे मोजून तपासायचा आकडा नाही.

अभ्यास करताना तिला प्रत्येक मॉडेलच्या चित्राखाली पेन्सिलने दोनच गोष्टी लिहायला सांगा, याने काय मोजलं आणि हे कुठे अडलं. डाल्टनखाली वजनं आणि वाफ, थॉमसनखाली वाकलेले किरण आणि उलटा फिरलेला कण, रदरफोर्डखाली ठिणग्या आणि पडणारा इलेक्ट्रॉन, बोरखाली चार रेघा आणि हेलियम. पेपरात पुस्तकातलंच उत्तर लिहू दे, मार्क त्याला आहेत, पण या दोन ओळी असल्या की ते उत्तर पाठ करावं लागत नाही. आणि पुठ्ठ्याखाली काय ठेवलं होतं ते तिला सांगू नका प्लीज, कितीही मागे लागली तरी.